चाचणीपुरता एक प्रश्न

माणसं खोटं बोलतात, पण आकडे त्यांना पकडून देतात, अशी आकडेभाऊंची पक्की समजूत होती. कोण निवडून येणार आणि कोण तोंडावर आपटणार, हे ते उमेदवारांना वर्षानुवर्षं आधीच सांगत आले होते आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं व्हायचं. बायको म्हणायची, आमटीत मीठ कमी पडलंय हेसुद्धा यांना सर्व्हे केल्याशिवाय कळत नाही.

या धंद्याचं बाळकडू त्यांना शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी पाजलं. सुट्टीत पोरं घेऊन मास्तर घरोघर माहिती गोळा करत हिंडायचे. तेच मास्तर सत्तरी ओलांडल्यावर नगराध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा आकडेभाऊंनी समोरच्या उमेदवाराचं काम आधीच घेतलं होतं. शब्द दिलायस तर पाळ, माझ्यासाठी मोडू नकोस, असं मास्तरांनीच फोन करून सांगितलं.

मग एका सभेत मास्तरांना पाहुण्यांचं नाव चटकन आठवेना. एवढंच झालं. पण समोरच्या उमेदवाराच्या भाच्याच्या हाती आयतं कोलीत सापडलं. म्हातारा विसरभोळा झालाय, असं पत्रक वाटायचं त्याने ठरवलं. आकडेभाऊंना ते थांबवायचं होतं. उघड विरोध करावा तर गुरूची कड घेतो म्हणून बोंब झाली असती. त्यांनी धंद्यातलीच वाट काढली. पत्रक लोकांना पटतंय का ते आधी तपासू, म्हणाले, आणि चालू सर्व्हेत एक प्रश्न वाढवला: मास्तरांना हल्ली विसर पडतो असं समजलं, तर तुमचं मत बदलेल का?

बहुतेकांनी नाही म्हटलं. काहींनी तर विचारायला आलेल्या मुलींनाच झापलं. हे अंगलट येईल, असं आकडेभाऊंनी उमेदवाराला आकड्यांनिशी पटवलं आणि पत्रक बारगळलं. सापही मेला आणि काठीही वाचली, म्हणून स्वारी त्या दिवशी दोन घास जास्तच जेवली.

आठवड्याभरात मास्तरांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला. दुकानदार मास्तरांना सामानाची यादी दोनदा वाचून दाखवतो, शेजारी त्यांच्याशी मोठ्याने, सावकाश बोलतात, जुने विद्यार्थी आधी स्वतःचं नाव सांगतात आणि मग नमस्कार करतात.

"कुठून उठलं रे हे? सर्व्हेवाल्या मुली विचारत होत्या म्हणे."

आकडेभाऊंना आता सगळा हिशेब उलगडला. पत्रक निघालं असतं तर विरोधकांचा कावा म्हणून लोकांनी चुलीत घातलं असतं. हा प्रश्न मात्र त्यांनीच गल्लोगल्ली, सभ्य आवाजात पोहोचवला होता. मत बदलणार नाही, असं लोकांनी खरंच सांगितलं होतं. फक्त मास्तरांची कीव करायची की नाही, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

ते तडक मास्तरांच्या घरी गेले. मास्तर न वाचलेलं वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसले होते.

"काल गॅस बंद केलाय का ते बघायला तीनदा उठलो," मास्तर म्हणाले. "बंदच होता. पण पुन्हा पुन्हा शंका येते."

आकडेभाऊंनी सगळं सांगून टाकलं. प्रश्न माझाच, त्यात काडीचं तथ्य नाही, पत्रक थांबवायला घातला होता. मास्तरांनी कानाखाली वाजवावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं. निवडणूक गेली खड्ड्यात, हा माणूस पूर्वीसारखा रागवायला हवा होता. पण मास्तर रागावले नाहीत.

"म्हणजे मला विसर पडत नाही?"

"नाही, मास्तर. शपथेवर सांगतो."

मास्तरांनी मांडीवरचं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. मग काकूंकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "हा मला बरं वाटावं म्हणून तर बोलत नाहीये ना?"

काकू नाही म्हणाल्या, पण उत्तर द्यायला त्यांना जरा वेळ लागला, आणि मास्तरांनी मान खाली घातली.