पिठातली पावलं

टोपली उचलली गेली आणि सिंगापुरातल्या बुओना व्हिस्टाच्या त्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये जमलेली सगळी शिकलीसवरलेली माणसं एकदम पुढे झुकली. परातीतल्या पांढऱ्याशुभ्र पिठावर चिमुकली पावलं उमटली होती. मध्ये एक गादी, वर चार बोटं. एकामागून एक, परातीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. कोणी "आई गं!" म्हणालं, कोणी हात जोडले. एका मोठ्या बँकेत जोखीम मोजण्याचं काम करणाऱ्या गृहस्थांनी तर परातीला वाकून नमस्कार केला.

"आली!" अनिमेषजी डोळे मिटून म्हणाले. "पाचही बाळं आली. मीनलताई, रडू नका. ती रागावलेली नाहीत. तुम्हाला शोधत आली आहेत."

हे ऐकल्यावर मीनल जास्तच रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले होते, घामाने निथळत. खोलीतला एसी बंद होता आणि खिडक्या सताड उघड्या होत्या. आत्म्यांना यायला वाट हवी म्हणे. पंखाही बंद, कारण दिव्याची ज्योत विझेल. परातीवर टोपली पालथी घातल्यापासून हे महाराज तासभर बोलत होते आणि आम्ही तासभर शिजत होतो.

मीनल माझी पुण्यापासूनची मैत्रीण. इथे येऊन बरीच वर्षं तिने अकाउंट्समध्ये काढली. मग एक दिवस ते सगळं सोडून एका भागीदाराबरोबर कुत्र्यांची पैदास करणारं, रीतसर परवान्याचं केंद्र चालवायला घेतलं. दाढीवाले छोटे श्नाउझर ही तिची खासियत. कुत्र्यांची नावं मात्र फराळाच्या ताटातली. करंजी आणि चकली या तिच्या दोन लाडक्या कुत्र्या.

करंजीची पाचही पिल्लं मेलेली जन्मली. पहिलं पिल्लू आडवं अडकलं. येईल, आता येईल, म्हणून मीनल वाट बघत बसली आणि डॉक्टरांना फोन करायला उशीर झाला. निदान तिचं तरी म्हणणं असंच होतं. ओल्या, निपचित पिल्लांना टॉवेलने चोळून चोळून तिच्या हातांची सालटी निघाली होती. लोक म्हणाले, "अगं, कुत्र्याचीच तर पिल्लं, पुढच्या वेळी होतील." ज्यांनी असं म्हटलं त्यांच्याशी तिने बोलणं सोडलं. ती जेवेना, झोपेना. करंजी रिकाम्या बिछान्यात पिल्लांचा माग हुंगत फिरायची आणि ही तिच्यासमोर बसून राहायची. अशा वेळी कुणीतरी तिच्या फोनवर अनिमेषजींचा पत्ता पाठवला.

अनिमेषजी हे 'प्राणी-आत्मा संवादक'. पूर्वी ते सॉफ्टवेअर विकत असत. आता लिननचा कुर्ता घालून आत्मे विकतात. बोलणं मधाळ, मध्येच हिंदी, मध्येच इंग्रजी. "एनर्जी", "व्हायब्रेशन" आणि "क्वांटम" हे तीन शब्द त्यांच्या तोंडून जपमाळेसारखे ओघळत असतात. क्वांटम म्हणजे काय, हे त्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाले, "ताई, जे समजतं ते क्वांटम नसतं." यावर टाळ्या पडल्या!

हा पिठाचा प्रकार मात्र त्यांनी घरचाच उचलला होता. आपल्याकडे माणूस गेला की पुष्कळ घरी त्या जागी पीठ पसरून दिवा लावतात, वर टोपली पालथी घालतात आणि नंतर पिठात कसलं पाऊल दिसतं ते बघतात. मुंगी दिसली तर मुंगीचा जन्म, पक्ष्याचा पाय दिसला तर पक्ष्याचा. गेलेल्या माणसाला निरोप देताना थोडं रेंगाळायला मिळतं, एवढाच त्याचा अर्थ. या गृहस्थांनी त्याचा खेळ केला.

तेवढ्यावर थांबले असते तर मीही कदाचित गप्प बसले असते. पण टोपली उचलून झाल्यावर त्यांनी मीनलला जवळ बोलावलं.

"दुसरी आई गाभण आहे ना? चकली?"

"हो." मीनलचे डोळे विस्फारले. जणू ही बातमी त्यांना आत्म्यांनीच दिली. खरं तर ती तिने स्वतःच आठवड्यापूर्वी फोटोसकट सगळ्यांना कळवली होती.

"हीच बाळं तिच्या पोटी परत येतायत. पण सांभाळा. त्या शरीराला सुरी लागता कामा नये. शस्त्र दिसलं की आत्मा दारातून मागे फिरतो."

चकलीचं सिझेरियन ठरलेलं होतं. मीनलच्या कुत्र्यांच्या डॉक्टर मैत्रेयी यांनी क्ष-किरण फोटो बघून स्पष्ट सांगितलं होतं, की पिल्लांची डोकी मोठी आहेत आणि चकलीची कंबर अरुंद. आपोआप बाळंत व्हायची वाट बघितली तर पिल्लं जातील, कदाचित चकलीही जाईल.

परतताना ट्रेनमध्ये मी विषय काढला. मीनल खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी ऑपरेशन रद्द करतेय."

"वेडी आहेस का?"

"क्षिप्रा, तू पावलं बघितलीस ना?"

"बघितली. म्हणून तर विचारतेय."

"मग काय विचारायचंय? माझ्या चुकीने गेली ती. आणि तरी ती माझ्याकडेच परत येतायत. मला दुसरं काही नको."

मी मुलांना रसायनशास्त्र शिकवते. घरी, सेंगकांगला, जेवणाच्या टेबलावर. संशय घेणं हा माझा रोजचा धंदा आहे. पण परात माझ्याही डोळ्यांसमोर होती, टोपलीला कुणी हात लावला नव्हता, आणि पावलं उमटली होती. काहीतरी चलाखी आहे हे कळत होतं, कुठली ते कळत नव्हतं. मला भयंकर राग आला. त्यांचा, आणि स्वतःचाही.

उत्तर मिळालं कपड्यांच्या कपाटात. सिंगापुरात असं घर नसेल जिथे कपाटात ओल शोषणारे प्लॅस्टिकचे डबे नाहीत. वर पांढरे खडे, खाली रिकामा कप्पा. हवेतली ओल पिऊन खडे विरघळतात आणि खाली पाणी साठतं. माझी मुलगी जाई गणवेश काढायला गेली आणि इथल्या शाळकरी इंग्रजीत ओरडली, "मम्मी, धिस बॉक्स फुल ऑलरेडी लाह! चेंज!"

मी डबा हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. कॅल्शियम क्लोराइड. दरवर्षी मी पोरांना शिकवते की हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच ओलंचिंब होतं. दमट हवा लागते, बस्स. एसी चालू असेल तर हवा कोरडी होते आणि काम रेंगाळतं. आत्म्यांना वाट हवी होती ती उघड्या खिडकीची नाही, दमट हवेची!

आणि ती परात अनिमेषजी घरूनच आणत, हवाबंद झाकणाखाली, पीठ आधीच पसरलेलं. "मंत्राने बांधलेली आहे," असं सांगत. मी नव्या डब्यातले खडे मिक्सरमधून काढले. तांदळाच्या पिठावर त्या पांढऱ्या पुडीचे ठसे उमटवले. पांढऱ्यावर पांढरं, काही दिसेना. खिडकी उघडली आणि वाट बघितली. हळूहळू ठशांच्या जागचं पीठ ओलं झालं, काळवंडलं, खाली बसलं. मला नाचावंसं वाटलं.

पुढची बैठक रविवारी सकाळी होती, ऑपरेशनच्या ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी. मीनलने अजून दवाखान्याला कळवलं नव्हतं. मी तिला एवढंच म्हटलं, "ही बैठक होईपर्यंत थांब. माझ्यासाठी." ती थांबली.

मीही एक परात घेऊन गेले, घट्ट झाकणाखाली. "घरी एक लाडकं जनावर होतं, फार जुनं," असं सांगितल्यावर अनिमेषजींनी उदार मनाने माझी परात त्यांच्या परातीशेजारी ठेवू दिली. दोन्हींवर टोपल्या आल्या. एसी बंद, खिडक्या उघड्या, प्रवचन सुरू. व्हायब्रेशन, एनर्जी, पुन्हा व्हायब्रेशन.

त्यांची टोपली उचलली गेली. कुत्र्याची पावलं. हुंदके, नमस्कार.

मग मी माझी टोपली उचलली. लांब नख्यांची तीन बोटं असलेली भलीमोठी पावलं पिठात रुतली होती.

"हे... हे कोणाचं पाऊल?" जोखीमवाले गृहस्थ पुटपुटले.

"डायनोसॉरचं," मी म्हटलं. "जाईच्या खेळण्यातला आहे. बिचाऱ्याचा आत्मा फारच दिवस भटकत असावा."

एक बाई फिस्सकन हसली. मी कपाटातला डबा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. खडे, पूड, ओल, बंद एसी. लोक आपापल्या कपाटातले डबे आठवू लागले.

पण अनिमेषजी कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते मंद हसले. "ताईंनी केलं ते रसायन. मी करतो ती साधना. बाजारात खोटा हिरा मिळतो, म्हणून खरा हिरा नसतोच का?"

खोलीत पुन्हा माना डोलल्या. माझा तर तोंडचा घासच गेला. पुरावा समोर ठेवूनही माणसं परत फिरत होती, आणि मला ज्या एका माणसाची काळजी होती ती मीनल त्यांच्या परातीवर वाकून बसली होती.

"दादा," ती हळूच म्हणाली, "ही माझ्याच पिल्लांची पावलं ना?"

"तुमच्याच बाळांची, ताई."

"चालत आली?"

"धावत आली. आईकडे धावतच येणार ना!"

मीनलने मान वर केली. तिचा आवाज कापत होता, पण शब्द स्वच्छ होते. "माझी पिल्लं धावत नव्हती. नुकतं जन्मलेलं पिल्लू उभंसुद्धा राहत नाही. डोळे मिटलेले, कान मिटलेले. पोटावर घासत, वळवळत आईकडे सरकतं. त्याचा पिठात नुसता फराटा उठेल. अशी सुटी, ताठ पावलं उमटायला पिल्लू दोन-तीन आठवड्यांचं व्हावं लागतं."

"आत्म्याला वय नसतं, ताई."

"मग पाय कशाला असतात?"

अनिमेषजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या एका क्षणी त्यांच्याकडे ना एनर्जी होती ना क्वांटम. मागून कुणीतरी उठून खिडकी लावली आणि एसी चालू केला. बैठक संपली होती.

मला वाटलं होतं की बाहेर पडल्यावर मीनल माझे आभार मानेल. लिफ्टपाशी ती माझ्यावर फुटली. "मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं गं! ती पावलं खोटी आहेत हे मला नाही कळणार? पण ती म्हणत होती की मला माफ केलंय. आता कोण माफ करणार मला? तू?"

मी तिला घट्ट धरून उभी राहिले आणि आम्ही दोघी रडलो. कॉन्डोचा गार्ड बिचारा दुसरीकडे बघू लागला.

दुसऱ्या दिवशी चकलीला ऑपरेशनसाठी नेलं, तेव्हा दवाखान्यात तिने तोच प्रश्न डॉक्टर मैत्रेयींना विचारला. "मी लवकर फोन केला असता, तर करंजीची पिल्लं वाचली असती?"

डॉक्टरांनी हातातलं काम थांबवलं. "एखादं वाचलं असतं कदाचित. कदाचित एकही नाही. त्यातली दोन तर कळा सुरू होण्याआधीच गेलेली होती, ती तुम्ही काहीही केलं असतं तरी जाणार होती. बाकीच्यांचं मला माहीत नाही, मीनल. माहीत आहे असं सांगितलं तर ते खोटं होईल."

मीनलने मान हलवली. तिने बराच वेळ डोळे पुसले नाहीत.

चकलीला चार पिल्लं झाली. तीन जिवंत, चौथं निपचित. डॉक्टरांनी त्याला चोळलं, नाकातोंडातलं पाणी काढलं, पुन्हा चोळलं. मग मीनलने चोळलं. शेवटी ती थांबली, पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरलं आणि म्हणाली, "हे गेलं." भविष्य नाही, निरोप नाही, परत येण्याचा वायदा नाही. तिने त्याला तसंच धरून मनसोक्त रडून घेतलं. करंजीच्या वेळी हे रडणं राहूनच गेलं होतं.

वाचकहो, बाळ माणसाचं असो की कुत्रीचं, ते गेल्याचं दुःख खरं असतं. त्याची चेष्टा करू नका. 'कुत्र्याचीच तर पिल्लं' असं म्हणणाऱ्यांनीच मीनलला त्या परातीपर्यंत ढकललं, असं माझं मत आहे. रडणाऱ्याजवळ बसा, त्याच्याकडून पुरावे मागू नका. पण त्या रडण्यावर उतारा घेऊन कुणी दारात आला, तर त्याला खुशाल प्रश्न विचारा. एसी का बंद? परात कुणाची? डॉक्टरला का दूर ठेवायचं? खरं असेल ते प्रश्नांनी मोडत नाही. आणि जिथे उत्तर माहीत नसेल, तिथे 'माहीत नाही' म्हणणाऱ्या माणसावर जास्त विश्वास ठेवा.

शुद्धीवर आलेल्या चकलीशेजारी मीनलने तिन्ही पिल्लं ठेवली. ती आंधळी, बहिरी पोरं पोटावर घासत, एकमेकांवर आपटत दुधाकडे निघाली. टॉवेलवर त्यांच्यामागे वाकडेतिकडे फराटे उठत होते.

"बघ," मीनल मला म्हणाली, "पिल्लं अशी येतात."