फुलमाशीचा चेहरा

मी एक कॅमेरा. माझ्या कडेचं रबर सुटलंय, बटणांवरची अक्षरं पुसली गेलीत. कॅमेऱ्यांच्या हिशेबात मी म्हाताराच. तरी अजून कामावर आहे, आणि तो मान मला कसा मिळाला तेच सांगायचंय.

ताईंनी मला निवृत्तीच्या आठवड्यात घेतलं. तीस वर्षं त्यांनी इस्पितळात एक्स-रे काढले. "हाडं पुष्कळ पाहिली. आता जरा जिवंत काहीतरी बघेन म्हणते," असं त्या दुकानदाराला म्हणाल्या.

घरात त्या आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघंच. दादा शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, मागच्या दारी भाजीचे चार वाफे. तिथंच पहिली फुलमाशी दिसली. अंगावर मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे, पण पंख दोनच. हवेत एका जागी अशी थांबली होती, की कुणी टाचणीनं टोचून ठेवावी.

दादा चप्पल घेऊन धावले. "चावेल गं तुला."

"ही चावत नाही, दादा. आपल्या घेवड्यावरची ती मावा कीड हिच्याच अळ्या खातात. चप्पल पायात घाल बघू."

मग ताईंना नादच लागला. दिसेल त्या फुलमाशीचा फोटो काढायचा, नाव शोधायचं आणि माशांच्या अभ्यासकांच्या संकेतस्थळावर टाकायचा. एकदा त्यांनी मोठ्या हौसेनं एका फोटोखाली दुर्मीळ जातीचं नाव लिहिलं. तिथल्या एका प्राध्यापिकेचं उत्तर आलं, "नाव चुकलं. ही नेहमीचीच आहे. पाठीकडून काढलेल्या एकाच फोटोवरून जात ठरवू नये."

ताईंचा चेहरा पडला. "एका बाजूच्या एक्स-रेवर कुणी निदान केलं असतं, तर मीच त्याला सुनावलं असतं," एवढंच त्या म्हणाल्या. त्यात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. फोटो पुसट येऊ लागले. एक दिवस त्यांनी मला कपाटात, अस्तराच्या कापडांखाली ठेवून दिलं. दीड वर्ष मी फक्त दादांच्या कात्रीचा आवाज ऐकला.

मला बाहेर काढलं ते त्याच प्राध्यापिकेच्या पत्रानं. "तुमचे जुने फोटो पाहत होते. एकात मागच्या पानावर दुसरीच माशी बसलीय. तुमचं तिच्याकडे लक्ष नसावं. तिची या भागात कितीतरी वर्षांत नोंद नाही. पण चेहरा आणि पंखांच्या शिरा दिसत नाहीत. पुन्हा सापडेल का?"

"या हातानं?" ताईंनी पत्र बाजूला सारलं. "नाही जमायचं."

 उरलेल्या जाड कापडाची दादांनी एक छोटी उशी शिवली, तिच्यात तांदूळ भरले आणि ताईंपुढे ठेवली. "यावर टेकव त्याला. हात हलू दे. तो नाही हलणार."

अकरा सकाळी आम्ही वाफ्यांपाशी बसून रिकाम्या हातानं परतलो. बाराव्या सकाळी ती कोथिंबिरीच्या फुलोऱ्यावर उतरली. ताईंनी श्वास रोखला. उशीनं मला घट्ट धरलं होतं. एक फोटो वरून, एक बाजूनं. मग ती सावकाश वळली आणि सरळ माझ्या भिंगात बघू लागली. चेहऱ्यावरची बारीक लवसुद्धा मला मोजता आली असती.

आठवड्यानं उत्तर आलं. "तीच आहे. नोंद तुमच्या नावावर केली."

ताईंनी ते लांबलचक शास्त्रीय नाव मोठ्यानं वाचलं. दादांनी मशीन थांबवलं. "एवढ्याशा जिवाला एवढं नाव?" म्हणाले, आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं.

आता रोज उन्हं वर आली, की आम्ही दोघं वाफ्यांपाशी असतो. माझे सुटे भाग मिळत नाहीत, असं दुरुस्तीवाला सांगतो. चालायचंच. तुमच्याकडे एक मागणं आहे. भाजी फुलावर आली, की सगळी उपटू नका. चार काड्या उभ्या राहू द्या. कोण येऊन बसेल, सांगता येत नाही.