अंड्याचा बलक

दिवाळीनंतरची, अठ्ठेचाळीस सालची ती सकाळ नेहमीसारखीच होती. उंब्रजच्या गुरांच्या दवाखान्यात आबा काचेच्या नळ्या उकळत बसले होते, आणि त्यांची मुलगी बनाबाई शाळेत शिकवायला जाता जाता भाकरी ठेवायला आत आली होती. कोपऱ्यात दवाखान्याचा गडी रसूल वळूची दावण झाडत होता. दोघे पुरुष एकमेकांशी बोलत नव्हते.

आबा, म्हणजे सयाजी, पलटणीत घोड्यांची औषधं बघायचे. लढाई संपल्यावर इथं कंपाउंडर झाले आणि बंगळूरला जाऊन नवी विद्या शिकून आले. वळूचं वीर्य काढून अंड्याच्या पिवळ्या बलकात कालवायचं, म्हणजे ते टिकतं. मग माजावर आलेल्या गाईला नळीनं भरवायचं. वळूच्या एका खेपेत दहा गाई. इंग्रजी पुस्तिका बनाबाईनंच त्यांना मराठीत सांगितली होती. बलकाची गोष्ट मात्र तिघांतच ठेवायची, असं आबांनी बजावलं होतं. लक्ष्मी म्हणून जिला हळदकुंकू लावायचं, तिच्या पोटात अंडं गेलेलं गाव सोसणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

श्रावणात नदीवर गावातल्या रंगुबाईनं धुणं आपटता आपटता बनाबाईला टोमणा मारला होता, "तुजा बा पिचकारीनं वासरं करतुया म्हनं! मंतर मारतुया का काय?"

हा मंतर नव्हे, शास्त्र आहे, हे पटवून देण्याच्या भरात बनाबाई सगळं सांगून बसली. बलकासकट.

"अगं बया! श्रावनात अंडं? गाईत?"

दोन दिवसांत गावभर झालं. पारावरची माणसं आबांना विचारू लागली, "कंपाउंडर, वासराला पिसं कवा फुटनार?" दवाखान्यात गाय येईना. आबांनी रसूलला धरलं. अंडी त्याच्याच घरून यायची.

"पलटनीत एका थाळीत जेवलो रं आपुन."

"सयाजी, मी न्हाई बोललो. अल्लाची आन."

"मग काय कोंबडी बोलली?"

तेव्हापासून दोघांत कामापुरतेच शब्द उरले. मुलीवर संशय घेणं आबांच्या स्वप्नातही नव्हतं. बनाबाई रोज ठरवायची, आज सांगू, आणि रोज रात्री तसाच दिवा मालवायची.

त्या सकाळी माळवाडीच्या अंबूबाईचा निरोप आला. तिची गाय दोनदा उलटली होती, गाभ धरतच नव्हता, आणि काल संध्याकाळपासून पुन्हा माजावर येऊन हंबरत होती. 'अंडं घाला न्हाईतर काय बी घाला, पर गाभन करा,' असं तिनं सांगून धाडलं होतं. आबा कितीतरी दिवसांनी हसले. वीर्याचा थर्मास सायकलला अडकवता अडकवता हळूच म्हणाले, "बना, एक कळत न्हाई. रसूलनं आसं का केलं आसंल?"

तिनं भाकरीचं फडकं फळीवर ठेवलं. "शाळेला उशीर होतोय, आबा."

अंबूबाईची गाय भरवून आबांनी हात धुतले, चहा मागितला, ओसरीवर टेकले, ते पुन्हा उठले नाहीत.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परतली. सोप्यात पुरुष बसले होते, आत बायकांत बनाबाई. रसूल आला आणि पायरीखालीच थांबला. टोपी त्याच्या हातात होती.

आबांचा धाकटा भाऊ कोंडीबा बसल्या जागेवरून गरजला, "आता कशाला आलास? जित्तेपनी त्येची अब्रू घालवलीस. सुखानं चार दिस तरी जगू द्यायचं हुतंस."

रसूलनं मान खाली घातली. त्यानं पुन्हा शपथ घेतली नाही. एकदा घेतलेली शपथ कुणी मानली नव्हती. तो माघारी वळला.

बायकांतून रंगुबाईनं बनाबाईकडं पाहिलं आणि लगेच पदर तोंडाला लावला.

बनाबाई उठली. पुरुषांच्या बैठकीतून वाट काढत ती पायरीपर्यंत आली.

"रसूलचाचा, थांबा." तिचा आवाज साऱ्या सोप्याला ऐकू गेला. "कोंडीबाकाका, ह्यांनी न्हाई सांगितलं. मी सांगितलं. नदीवर, रंगुबाईला. आबा विचारत होते, तरी मी बोलले न्हाई."