कळसच्या मोटारीचा फ्यूज

इंदापुरात नागेशला हुशार समजणारे बरेच होते, आणि त्यांत सगळ्यात पुढं तो स्वतः होता. पंचक्रोशीत कुणाच्या विहिरीवरची मोटार जळाली की तांब्याची तार नव्यानं भरून घ्यायला त्याच्याच दुकानात येई. वरकुट्याच्या मेंढरं राखणाऱ्या घरात काठीऐवजी पाना हातात धरलेला तो पहिला पोरगा. आणि अशा या कर्तबगार पुरुषाला एक बाई ऑस्ट्रेलियाला बोलावून घेत होती. लग्नाआधीच. त्याच्याच भाषेत सांगायचं तर माल परदेशी चालला होता आणि मालाची हमी गिऱ्हाइकानं लिहून दिली होती.

ती बाई म्हणजे कळसच्या रामहरी तात्यांची अनिता. तात्यांचा भाजीपाला आणि डाळिंबाचा मळा. अनिता पुण्यात नर्सिंग शिकली आणि चौऱ्याण्णव साली मेलबर्नच्या एका इस्पितळात लागली. लग्न ठरलेल्या माणसाला बोलावून घ्यायची सोय तिकडच्या कायद्यात होती. तिनंच चौकशी केली, तिनंच अर्ज भरला, आणि फोनवर सांगितलं, "तुला फक्त आपलं नातं खरं हाय एवढं दाखवायचंय."

इथंच घोडं पेंड खात होतं. नऊ वर्षं नागेशनं आपली सगळी हुशारी खर्च केली होती ती हे नातं कुणाला दिसू नये म्हणून. बारामतीच्या एसटी स्टँडवर दोघं एका बाकावर बसत, पण मध्ये तिची पिशवी असे आणि नागेश समोरच्या वेळापत्रकाकडं बघून प्रेमाचं बोले. त्यामुळं बारामती-इंदापूर गाड्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ होत्या, अनिताचा चेहरा मात्र डाव्या बाजूनंच नीट माहीत होता. तिची पत्रं वाचून झाली की बंबात जात. फोटो होता एकच. उजनीचं पाणी उतरल्यावर पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, तेव्हा बघायला गेलेल्या गर्दीचा. त्यात एका टोकाला नागेश, दुसऱ्या टोकाला अनिता, आणि मध्ये तिची मावशी, मावशीची जाऊ आणि कुणाची तरी शेळी. फोटो बघून त्याचं लग्न कुणाशी ठरलंय म्हणून विचारलं असतं, तर व्हिसाच्या साहेबानं शेळीवर बोट ठेवलं असतं.

साहेबाला फोटो पटला नाहीच. मुलीच्या घरच्या वडीलधाऱ्यानं लिहून द्यावं, असं पत्र आलं. हे नातं आपल्याला ठाऊक आहे आणि ते कसं ठाऊक आहे, असं दोन्ही. अनिताला आई नव्हती, म्हणजे वडीलधारे तात्याच.

नागेश बारामतीला सोपानच्या आयएसडी बूथवर गेला. इंदापुरातही बूथ होता, पण तो त्याच्या मामाचा.

"तात्यांची सही घे," अनिता म्हणाली.

"तात्या मला विहिरीत ढकलतील. आमी धनगर, तुमी माळी. त्यांना यातलं कायबी ठाऊक न्हाय."

"मग सांग की."

विषय बदलायचा म्हणून नागेशनं आपल्याकडचा एकमेव हुकमी पुरावा काढला. अनिता सुट्टीला कळसला आली की तात्यांची मोटार हमखास बंद पडायची. निरोप यायचा, नागेश फटफटीवरून धावायचा, पेटी उघडायचा. मोटार ठणठणीत असायची, फक्त फ्यूजची तार नसायची. तार जळाली तर काळा डाग राहतो. इथं डाग नसे. कुणीतरी स्क्रू सैल करून ती हातानं काढलेली असे. आपल्या एका भेटीसाठी पोरगी विजेच्या पेटीत हात घालते, या विचारानं नागेशची छाती पुढं आठवडाभर फुगलेली राही.

"तू फ्यूज काढायचीस, ते लिहू का?" त्यानं लाजत विचारलं.

पलीकडून आवाज आला, "मी? मला घरातलं बटण दाबायचं भ्या वाटायचं! मला वाटायचं तूच कायतरी करून ठेवतोस."

नागेशची छाती जागच्या जागी बसली.

"हे बघ नागेश," ती सावकाश म्हणाली, "या बारीला कागद आला न्हाय तर मी परत अर्ज करणार न्हाय. मी दमले."

ती कधी रागानं असं बोलली असती तर त्याला एवढं भ्या वाटलं नसतं. तिचा आवाज खरोखरच दमलेला होता.

तरी आमचा वीर लगेच कळसला गेला असं समजू नये. सोमवारी त्याला एक मोटार तातडीनं भरायची आठवली, मंगळवारी फटफटीचं चाक जड वाटू लागलं. बुधवारी कळसचा दूधवाला दुकानात निरोप देऊन गेला. रामहरी तात्यांची मोटार बंद पडली होती.

अनिता गेल्यापासून तात्यांची मोटार एकदाही बंद पडली नव्हती. नागेशनं हत्यारांच्या पिशवीत साहेबाचा कागद खाली आणि पाने वर ठेवले, आणि निघाला.

तात्या पेटीजवळ बांधावर तंबाखू मळत बसले होते. समोर कांद्याचे वाफे सुकायला लागले होते. नागेशनं पेटी उघडली. फ्यूजला तार नव्हती. काळा डागही नव्हता. अनिता मेलबर्नला होती, आणि एवढ्या लांबून तिनं हात घातला असण्याची शक्यता नागेशलासुद्धा कमी वाटली.

तो वळला. तात्यांनी कोपरीच्या खिशातून तारेचं वेटोळं काढून त्याच्यासमोर धरलं.

"बघतोस काय? मीच काढलीया. दर बारीला मीच काढायचो."

"तुमी?"

"मग काय ती पोर काढंल? सुट्टीला आली की उंबऱ्यात बसून रस्त्याकडं बघायची. मला डोळं न्हाईत व्हय? म्हटलं, पोरगं घरापतुर तर येऊ दे. आलं म्हंजी इचारंल. तू यायचास, तार बसवायचास, च्या प्यायचास, मजुरी घ्यायचास आन् जायचास. आता पोर फोनवर म्हनली, तुला तिकडं न्यायचंय पर कागद अडलाय, म्हनून परत काढली."

बाकी सगळं नागेशनं सोसलं, पण मजुरी फार लागली.

"तात्या, मला वाटायचं, जातीचं..."

"लोकं बोलली असती. भावकी वरीसभर दारात आली नसती. ते मी बघितलं असतं. पर आदी कुणी इचारायला तर पायजे? न इचारणाऱ्याच्या दारात जाऊन मी पोरगी घ्या म्हनू?" तात्यांनी तंबाखू न खाताच झटकून टाकली. "वाट बघून बघून ती इमानात बसून गेली, नागेश."

नागेश बांधावर बसला. त्याला लाज वाटली. नऊ वर्षं तो तात्यांना घाबरून होता. आणि तात्या त्याला दर सुट्टीला बोलावून घेत होते, चहा पाजत होते, वर पदरचे पैसे देत होते. मोटारीत काय बिघडलंय हे आवाजावरून ओळखणाऱ्या माणसाला एवढं कळलं नव्हतं. त्यानं पिशवीतून कागद काढला.

"कागद मागनं," तात्या म्हणाले. "आदी तोंडानं."

"तात्या, अनिताला... म्हंजी मला... द्याल का?"

"कुनाला कुनाला देऊ?"

"अनिता मला द्याल का?"

"व्हय," तात्या म्हणाले. मग कांद्याकडं बघून बोलले, "लई लांब न्यायलास रं तिला. म्हंजी ती तुला न्यायलीया. तेच ते."

त्यांचा आवाज कापला, आणि नागेशनं त्या दिवसातली एकमेव शहाणपणाची गोष्ट केली. तात्यांनी सांगितलं तसंच, आपली हुशारी न घालता, त्यानं लिहून घेतलं: मुलगी सुट्टीला आली की मी माझ्या हातानं मोटारीचा फ्यूज काढत असे. खाली तात्यांनी सही केली. याचं इंग्रजीत काय करायचं आणि ते वाचून साहेब काय समजणार, हे देवाला ठाऊक. नागेशनं तार बसवली.

"मजुरी?" तात्यांनी विचारलं.

नागेशनं हात जोडले.

रविवारी सोपानच्या बूथवर गर्दी होती. रांगेत एक कांद्याचे व्यापारी, एक मास्तरीण आणि नव्या नवरीला घेऊन आलेली गोजरबाई नावाची सासू. नागेशनं तोंडावर हात धरून अनिताला सगळं सांगितलं. फ्यूजचं ऐकून ती आधी हसली आणि मग रडली. मग म्हणाली, "तात्यांना तोंडानं इचारलंस?"

"व्हय. तोंडानं."

"आन् मला कवा इचारणार?"

नागेशनं आठवून बघितलं. वेळापत्रकाकडं बघून तो बरंच काही बोलला होता. हे नव्हतं बोलला. अर्जसुद्धा तिनंच भरला होता. त्यानं रांगेकडं पाठ केली आणि पुटपुटला.

"ऐकू येत न्हाय," अनिता म्हणाली. "मोठ्यानं."

तो जरा मोठ्यानं बोलला.

"लाईन खराब हाय. आनखी मोठ्यानं!"

"अनिता, माझ्यासंगं लगीन करशील का?" नागेश ओरडला. बूथमध्ये सगळं थांबलं. व्यापाऱ्यांनी टोपी काढली. सोपान मीटर बघायचा विसरला. रस्त्यापलीकडचा रसवंतीवालासुद्धा मान वळवून बघू लागला, आणि गोजरबाई आपल्या सुनेला म्हणाली, "बघ, असं इचारत्यात."

"करीन," अनिता म्हणाली. "पयल्या बारीलाच ऐकू आलं हुतं."