जहाजाचं नाणं

त्यानं ब्लेडनं पार्सलची चिकटपट्टी कापली, कापूस बाजूला केला आणि आतली सीलबंद प्लॅस्टिकची डबी जेवणाच्या टेबलावर ठेवली. डबीत जहाजाचं नाणं होतं, एका बाजूला जहाजाची छाप असलेलं जुनं चांदीचं नाणं. लेबल वाचल्यावर आपण चुकून दुसऱ्याच कुणाचं पार्सल उघडलं की काय, असं त्याला वाटलं.

'नाणे अस्सल. पृष्ठभाग घासलेला. दर्जा देता येत नाही.'

नाण्यांचं दुकान अण्णांचं, त्याच्या वडिलांचं. अलीकडे तो ते सांभाळत होता; म्हणजे अण्णांशी भांडत होता. हल्लीची गिऱ्हाइकं नाणं हातात घेण्याआधीच विचारतात, सर्टिफिकेट आहे का? त्यावर अण्णा भडकायचे. ज्याला नाणं बघता येत नाही त्यानं ते घेऊच नये, तिऱ्हाईतानं दिलेले गुण बघून घ्यायला हा काय परीक्षेचा निकाल आहे? तो म्हणायचा, तुमची नजर तुमच्याबरोबर जाईल, लेबल मागे राहील. संग्राहकांच्या मंडळात बापलेकांची जुंपली की बाकीचे खुर्च्या जवळ ओढून बसायचे. घरी मात्र आई वाढता वाढता दटावायची, आता नाणी पुरे, जेवा.

त्यातून जहाजाच्या नाण्याचं नाव काढायची सोय नव्हती. ते विकायचं नाही, मंडळात न्यायचं नाही, तपासायला तर मुळीच पाठवायचं नाही. अण्णा निकालाला घाबरतात, अशी त्याची खात्री होती. म्हणून ते परगावी गेल्याची संधी साधून त्यानं नाणं कपाटातून काढलं. ते लखलखत होतं. इतक्या जुन्या चांदीनं इतकं चमकू नये, घासून चमकवलं की संग्राहकांच्या लेखी नाण्याची किंमतच जाते, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण लेबलं वाचता वाचता त्याची नाणं बघायची सवयच मोडली होती. उत्तम दर्जा मिळेल, मंडळात अण्णांची मान ताठ होईल आणि वादही मिटेल, असा सरळ हिशेब करून त्यानं ते सर्टिफिकेटसाठी पाठवून दिलं.

"आलं का?" आई चष्मा पुसत आली. तिला एकटीलाच त्यानं हे सांगितलं होतं आणि तेव्हापासून ती हरखून होती. तो डबी उचलणार तोच तिनं ती घेतली आणि एकेक अक्षर लावत लेबल वाचलं.

"घासलेला म्हणजे रे?"

तो उत्तर जुळवत असताना अण्णा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी डबी पाहिली, मग बायकोचा चेहरा पाहिला. आता घर डोक्यावर घेतील, असं त्याला वाटलं. पण त्यांनी नुसत्या चपला काढून बाजूला सारल्या.

"हे मी घासलं होतं," आई म्हणाली. "लग्नाच्या वर्षी. काळं पडलं होतं, म्हणून राखेनं लख्ख केलं. तुम्ही म्हणालात, छान झालं."

"छानच झालं होतं." अण्णा खुर्ची ओढून बसले. "या लोकांना काय कळतंय? मी पहिल्यापासून सांगतोय."

मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती. अण्णांनी आजवर त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. ते कशाला घाबरत होते ते त्याला आत्ता कळलं. मंडळात चार माणसांदेखत त्यांना भित्रे म्हटल्याचं आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अण्णांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "फार चुका करतात ते लोक. त्यांचा काही भरवसा नाही."

"ऐकलंस ना?" अण्णा म्हणाले. "आता हाही तेच म्हणतोय."

आईनं डबी हलकेच टेबलावर ठेवली. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"या बाबतीत तुम्हा दोघांचं आजवर कधी एकमत झालं नाही," ती म्हणाली. "म्हणजे मी ते पारच घालवलं होतं."