फुकटचा गुण

मी एक जुने घड्याळ आहे, आणि मला दोन तोंडे आहेत. हसू नका, मित्रांनो. माणसाला दुतोंडी म्हटले की राग येतो, पण माझे सगळे इमान या दोन तोंडांतच आहे. मी बुद्धिबळाचे घड्याळ आहे. पटावर दोघे खेळतात, म्हणून माझ्या लाकडी पेटीत शेजारी शेजारी दोन तबकड्या आहेत. चाल केली की खेळाडू आपल्या बाजूची कळ दाबतो. त्याची तबकडी थांबते आणि समोरच्याची चालू लागते. ज्याचा वेळ संपतो त्याचे लाल निशाण पडते आणि तो हरतो. मी आजवर कुणाला एक क्षण जास्त दिला नाही, की कुणाचा एक क्षण खाल्ला नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या एक बाई डोळ्याला भिंग लावून केसासारख्या बारीक स्प्रिंगा बसवत. माझी दोन्ही यंत्रे त्यांनी आठ दिवस शेजारी ठेवून चालवली. डावे जरासे मागे पडते असे दिसताच त्यांनी मला पुन्हा उघडले. "भावंडांत भेद नको," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचे ते बोलणे मी जन्मभर पाळले.

पुढे मी बुद्धिबळ मंडळात आलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली होती. सहा टेबले, बारा खुर्च्या आणि खालून सतत येणारा हातोडीचा आवाज. तिथे एक शिंपी खेळायला येत. वजीर गमावला की ते माझी कळ अशी हाणत, की माझी काच तडकली. वड्याचे तेल वांग्यावर, दुसरे काय? दुसऱ्या दिवशी त्यांनीच ओशाळून नवी काच बसवून आणली.

याच खोलीत चष्मेवाली वाढली. तिच्या वडिलांचे चष्म्याचे दुकान होते. काचा घासायला ती त्यांच्याकडूनच शिकली आणि बुद्धिबळही त्यांच्याकडूनच. तिला आंतरराष्ट्रीय मास्टर व्हायचे होते. मित्रांनो, ही पदवी बक्षिसासारखी एका दिवसात मिळत नाही. तिच्यासाठी नॉर्म मिळवावे लागतात. नॉर्म म्हणजे मोठ्या स्पर्धेत निदान नऊ डाव खेळायचे, तेही तगड्या, अशा पदव्या मिळवलेल्या खेळाडूंशी, आणि त्यांत मास्टरला शोभेल असा खेळ करून दाखवायचा. असे तीन नॉर्म हवेत, आणि रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा, एकदा तरी दोन हजार चारशेला पोचलेले हवे. तिचे रेटिंग पोचले होते. दोन नॉर्मही झाले होते. तिसरा तीन वेळा अर्ध्या गुणाने हुकला होता, आणि ती चाळिशीला आली होती.

तिच्या वडिलांनी दुकानाच्या पाटीवर तिच्या नावाखाली एक ओळ कोरी सोडली होती. तिथे पदवी लिहायची होती. पण जगाला चष्मे देणाऱ्या त्या माणसाची स्वतःचीच नजर अधू होत चालली होती, आणि त्यावर चष्मा नव्हता. "घाई नाही गं," ते तिला म्हणत, "फक्त मला वाचता येईल तोवर लिहून घे." ते हे हसत म्हणत, पण ती हसत नसे.

अशात आमच्या मंडळाने मोठी स्पर्धा भरवली आणि मी तिच्याच टेबलावर लागलो. आठ डाव झाले. नवव्या डावात अर्धा गुण मिळाला, म्हणजे नुसती बरोबरी झाली, तरी तिसरा नॉर्म तिचा होता. समोर होते दातांचे डॉक्टर. ते स्वतः मास्टर, खेळाला चिवट आणि बरोबरीचे नाव काढले की कपाळाला आठ्या घालणारे.

पंचांनी खूण केली. पांढरी मोहरी तिची होती. तिने प्यादे पुढे केले, माझी कळ दाबली, आणि डॉक्टरांची तबकडी चालू लागली. डॉक्टरांची खुर्ची मात्र रिकामी होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तासाभरात खेळाडू आला नाही, तर समोरच्याला पूर्ण गुण मिळे.

दहा मिनिटे गेली, वीस गेली. दोरीपलीकडे बसलेल्या तिच्या वडिलांच्या कानाशी कुणीतरी म्हणाले, "काका, मुलीचं नशीब फळफळलं. फुकटचा गुण."

"तो फुकटचा गुणच आम्हाला नडणार आहे," वडील म्हणाले. "खेळलाच नाही तो डाव नॉर्मला धरत नाहीत. आठच डाव होतील तिचे. आला का तो?"

"नाही."

मित्रांनो, असा उलटा प्रकार मी कधी पाहिला नव्हता. समोरचा न आल्यामुळे माणूस जिंकत होता, आणि जिंकल्यामुळे सगळे हरणार होता. चष्मेवाली दाराकडे पाहत होती. तिने पदराने चष्मा चार वेळा पुसला. पंच येऊन माझ्याकडे पाहून गेले. त्यांच्याही हातात काही नव्हते.

त्या दिवशी पहिल्यांदा मला चुकायची इच्छा झाली. वाटले, एखादा दाता अडकावा, काटा जरा रेंगाळावा. कुणाला कळले असते? पण मला त्या कारखान्यातल्या बाई आठवल्या. मी रडत रडत चालत राहिलो, पण नीट चालत राहिलो.

त्रेपन्न मिनिटे झाली, तेव्हा दार उघडले. डॉक्टर आले. उजवा गाल टम्म सुजलेला, दातांत कापसाचा बोळा आणि शर्टाचे एक बटण भलत्याच काजात. त्यांनी खुर्ची ओढली, तिच्याशी हात मिळवला, चाल केली आणि माझी कळ दाबली. तिने लगेच दुसरे प्यादे सरकवले आणि आपली कळ दाबली.

आता सगळे सोपे झाले, असे तिला वाटले असावे. विसाव्या चालीला तिने हळूच विचारले, "बरोबरी?"

डॉक्टरांनी मान हलवली. नाही.

तिचा चेहरा पडला. मलाही राग आला. एवढे धावत येऊन हा माणूस तिला हरवायला बसला होता. त्यांनी तिचे एक प्यादे खाल्ले, मग घोडे दामटले. वेळ त्यांच्याकडे कमी होता, डाव तिचा वाईट होता. वेळ संपत आला तशी माझ्या काट्यांनी दोघांचीही लाल निशाणे पडण्याआधी उचलून धरली आणि मी टिकटिकत राहिलो. तेव्हा चष्मेवालीने चष्मा नीट केला, पाठ ताठ केली आणि दाराकडे, वडिलांकडे, कुणाकडेही पाहायचे सोडले. ज्या हातांनी ती काचेचा कणभर फुगवटा घासून काढते, त्याच हातांनी ती एकेक चाल करू लागली. डाव सुरू होऊन चार तास होत आले, तेव्हा पटावर दोघांचा एकेक राजा आणि एकेक हत्ती एवढेच उरले. डॉक्टरांनी पटाकडे पुन्हा पुन्हा पाहिले आणि स्वतः हात पुढे केला. बरोबरी.

मग त्यांनी तोंडातला बोळा काढला. "दाढ काढून आलोय. काढणारा झोपून राहा म्हणाला होता."

"मग कशाला आलात?" तिने विचारले.

"नसतो आलो तर जन्मभर माझ्यावर दातओठ खात बसली असतीस. आणि अर्धा गुण मी दिला नाही हं. तो तू काढून घेतलास, मुळासकट."

दोरीपलीकडे वडील डोळे पुसत होते. डॉक्टरांसारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पदवी यानंतरही आपोआप आली नाही. तीन स्पर्धांचे दाखले, त्यांवर पंचांच्या सह्या, अर्ज, आणि जागतिक संघटनेचे शुल्क. शुल्क काही थोडे नव्हते. डॉक्टर म्हणाले, मी भरतो. ती म्हणाली, "फुकटचं काही नको. तुम्हीच शिकवलंत." तिने दोन महिने जादा काचा घासल्या आणि पैसे भरले. दुकानात एका गिऱ्हाइकाने डिवचले, "म्हणजे पदवी शेवटी विकतच मिळते की!" तिने त्याच्या नाकावर नवा चष्मा ठेवला आणि म्हणाली, "पैसे कागदाचे दिले. बाकीचं सत्तावीस डावांत फेडलंय. आता नीट दिसतंय का?"

काही महिन्यांनी मंजुरी आली आणि रंगाऱ्याने पाटीवरची ती कोरी ओळ भरली. तिने ठळक अक्षरे काढायला सांगितली होती. वडील समोरच्या फूटपाथवर जाऊन उभे राहिले आणि गिऱ्हाईक तपासणीचा तक्ता वाचते तसे एकेक अक्षर वाचू लागले. त्यांना बराच वेळ लागला, पण शेवटपर्यंत वाचता आले.

नंतर मंडळात विजेरीची नवी घड्याळे आली. आम्हा जुन्यांना कपाटात टाकले. तीन वर्षे मला कुणी चावी दिली नाही, माझ्या दात्यांवर धूळ बसली आणि तेल सुकले. शेवटी डॉक्टरांनी मला शोधून काढले, साफ करून घेतले आणि चष्मेवालीला दिले. आता मी तिच्या दुकानात असतो. रविवारी डॉक्टर येतात आणि अजूनही बरोबरी म्हटले की आठ्या घालतात. तिच्या वडिलांना आता काहीच दिसत नाही. पण रोज सकाळी ते मला चाचपून अकरा फेरे चावी देतात आणि कानाला लावून दोन्ही बाजू ऐकतात.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना कपाटात कोंडू नका, अधूनमधून चावी द्या. आणि आणखी एक मागतो. कुणी पट मांडून, पहिली चाल करून तुमची वाट पाहत बसले असेल, तर गाल सुजलेला असला तरी या. मी तुमच्यासाठी थांबू शकत नाही, म्हणून सांगतो.