हौसाबाईनं न घेतलेलं नाव

मी साक्षीदाराचा पिंजरा बोलतोय. हसू नका. माझ्यात राघू-मैना नाहीत, माणसं उभी राहतात. देवाशपथ खरं सांगेन म्हणतात, आणि बरेचसे तिथल्या तिथं खोटं बोलून मोकळे होतात. इतकी वर्षं मी गप ऐकून घेतलं. आज माझं डोकं फिरलंय, आज मी बोलणार.

माझं सागाचं लाकूड मुरबाडकडच्या रानातलं. कल्याणच्या पंढरी सुतारानं मला घडवलं. "इथं घाबरलेली माणसं हात ठेवणार रे बाबा, कुणाला कुसळ लागता कामा नये," असं म्हणत त्यानं माझा कठडा पुन्हापुन्हा घासला. मग बैलगाडीत घालून मला ठाण्याकडच्या एका कोर्टात आणलं. कुठल्या ते विचारू नका. समोर ज्यूरीची बाकं, पलीकडे आरोपीचा पिंजरा. तोही पंढरीच्याच हातचा, माझा सख्खा भाऊ म्हणा ना.

स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. एक दिवस हौसाबाई माझ्यात येऊन उभी राहिली. कळव्याच्या बाजूला मिठागरावर ती आणि तिचा नवरा दगडू कामाला होते. एका सकाळी दगडूनं मुकादमाला उलट उत्तर दिलं, आणि मुकादमानं फावड्याचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. दगडू तिथंच गेला. आजूबाजूला ढीगभर माणसं होती, पण एकानंही काही पाहिलं नव्हतं म्हणे! मुकादमाशी वाकडं घेतलं तर उद्या कामावर कोण ठेवणार? राहिली एकटी हौसाबाई. नवऱ्याचा खुनी सुटणार की शिक्षा भोगणार, ते आता तिच्या एकटीच्या बोलण्यावर होतं.

मुकादमाच्या वकिलानं एक कागद वर धरला. "बाई, त्याच दिवशी तू चौकीत जबाब दिलास. 'अनोळखी इसमानं मारलं' असं यात लिहिलंय. ज्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबलीस, तो अनोळखी? मग नंतर याच्याकडे बोट दाखवायला तुला कुणी शिकवलं?"

"नाय सायब. हवालदार बोलला, मुकादम लय हायेत, नाव सांग. मी त्याला सांगला, माझे सासऱ्याचा नाव तोच त्याचा नाव. तो नाव मना घेता येत नाय. हवालदार हसला. त्यानी काय लिवला, मना काय ठावं?"

सगळा घोळ इथं झाला. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. कुणाला माहीत नाही? बरं, तिनं नाव घेतलं नाही, तर त्या हवालदारानं शेजाऱ्यापाजाऱ्याला विचारायचं, हिच्या सासऱ्याचं नाव काय रे? झालं असतं काम! त्याच्या घरी काय बायको नव्हती, सून नव्हती? पण छे! उठायचा कंटाळा. 'अनोळखी' लिहिलं, बाईचा अंगठा घेतला आणि मेलेल्या माणसावर त्यानं दुसरा घाव घातला.

"मग आता घे नाव," वकील म्हणाला.

हौसाबाईनं मान खाली घातली. मागच्या बाकावरून तिचा म्हातारा सासरा धडपडत उठला. "सायब, माझा नाव ऐका..."

"ए बाबा, गप! तुला कुणी विचारलं?" पट्टेवाल्यानं दंडाला धरून त्याला खाली बसवलं. न्यायाधीशांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. सरकारी वकील तर घड्याळ बघत होते. म्हाताऱ्याला साक्षीला बोलवावं, हेही त्यांना सुचलं नव्हतं.

ज्यूरीचे प्रमुख म्हणून पुढे बसले होते डोंबिवलीचे त्र्यंबकराव, चांगले शिकलेसवरलेले. ज्यूरीवाले आत विचार करायलाही गेले नाहीत, बाकांवरच कुजबुजले. मी सगळं ऐकलं.

"बाई खरं बोलतेय हो," त्र्यंबकराव शेजाऱ्याला म्हणाले. "आमच्या घरी तरी काय वेगळं आहे? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर आमच्या मंडळींनी कधी माझं नाव घेतलेलं नाही."

"मग?"

"मग काय! कागदावर अनोळखी आहे ना? आपण कशाला वाईटपणा घ्या?"

ऐकलंत? माझा नुसता जळफळाट झाला. लाकडाला हात असते तर त्यांची टोपी उडवली असती. उठून म्हणाले काय, तर "दोषी नाही"! न्यायाधीशांनी मान्य केलं आणि मुकादम हसत बाहेर गेला.

तेव्हा कुणी बोलावलं नसताना हौसाबाई माझ्यात चढली. तिनं कठडा घट्ट धरला. मागून म्हातारा रडत ओरडला, "घे गो पोरी, घे माझा नाव! माझा पोर गेला, आता माझा मान काय कराचा हाय?"

"विश्राम!" ती किंचाळली. "विश्रामनी मारला माझ्या दगडूला!"

सासऱ्याचं आणि नवऱ्याचं, दोघांचं नाव तिनं एका दमात घेतलं. कारकुनानं दौतीला बूच लावलेलं होतं. कुणी काही लिहिलं नाही. पट्टेवाल्यानं तिला खाली उतरवलं आणि पुढची केस पुकारली.

आता मी डुगडुगतो. माझ्या कठड्यावर तिच्या नखांचे ओरखडे आहेत. लोकांना वाटतं, मांजरानं ओरबाडलंय. नवा पिंजरा येणार म्हणतात, मग मी सरपणात जाईन. जाण्याआधी बजावून ठेवतो: मान खाली घालून उभी राहिलेली बाई दिसली, की तिला नीट विचारा. तिला नाही सांगता आलं, तर दुसऱ्याला विचारा, पण विचारा!

आणि एक राहिलं. मला ना सासू ना सासरा, माझी जीभ कुणी धरलेली नाही. कळव्याच्या मिठागरावर दगडूला विश्राम मुकादमानं मारलं. घ्या लिहून.